दिवा लावा, ऐकू येत नाही

फेज शहरातल्या आमच्या तांबटांच्या चौकात मिशी ठेवणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमान. हे मी छातीठोक सांगतो, कारण त्या मिशा उतरवण्यावरच माझं घर चालतं. मी मआती, न्हावी. चौकाच्या तोंडाशी माझं दुकान आहे. दुकान कसलं, एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीतला गळका नळ. समोर दिवसभर तांब्यावर हातोड्या पडत असतात. बाहेरचा माणूस आला की कानांत बोटं घालतो. आमच्या तांबटांना त्याची गरज पडत नाही. मिसरूड फुटायच्या आधी ऐरणीशी बसलेली ही माणसं, चाळिशी गाठेपर्यंत त्यांचे कान तांब्याने खाऊन टाकलेले असतात. मग ऐकतात कशाने? डोळ्यांनी. या टोकाचा त्या टोकाच्याला आवाज न काढता नुसत्या ओठांनी शिवी हासडतो आणि तो तिथूनच व्याजासकट परत करतो.

म्हणून दर गुरुवारी माझ्याकडे रांग लागते. दाढी ठेवायची त्याने ठेवावी, वरचा ओठ मात्र उघडा पाहिजे. एखाद्या नवरदेवाने हौसेने मिशी राखली की म्हातारे विचारतात, "काय रे, तोंड झाकून बोलण्यासारखं काय आहे तुझ्यापाशी?" मग त्याला सगळ्या चौकाला चहा पाजून माझ्या खुर्चीत बसावं लागतं. माझे स्वतःचे कान शाबूत आहेत, कारण बापाने शिकवल्याप्रमाणे मी कामाच्या वेळी मेणाचे बोळे घालतो. ओठ वाचायला मात्र मी कच्चा. माझ्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला कायम साबण, सवय होणार कशी?

या विद्येत सगळ्यांचा बाप म्हणजे अल्लाल. मोठमोठे लग्नातले हंडे घडवायचा. हंडा फिरवता फिरवता चौकातली चार भांडणं एकदम ऐकायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन प्रत्येकाच्या आवाजात करून दाखवायचा. आवाज त्याने कुठे ऐकले होते, देव जाणे, पण हुबेहूब वाटायचे. त्याला ऐकू यायची नाही ती फक्त रस्त्याने जाताना त्याची स्वतःची बायको, कारण बिचारीच्या तोंडावर पडदा. मग ती चिमटे काढायची. दंडाला चिमटा म्हणजे थांब, कोपराला म्हणजे हे महाग आहे, पुढे चल. घरी आली, पडदा काढला, की त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्या बाजाराची बोलणी एकदम बसायची. वीज गेली की तांबटांच्या घरांत एकच ओरडा होतो, "दिवा लावा, ऐकू येत नाही!" बाहेरचे हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

मग अल्लालची बायको वारली. मागे राहिली मुलगी, बतूल. तिला नवऱ्याने टाकलेली. घरात बसून कफ्तानाची रेशमी बटणं वळायची. अल्लालची बसायची जागा चौकातल्या झाडाखाली, मोक्याची. जागा तशी मशिदीच्या वक्फाची, पण तिथे बसायचा हक्क अल्लालच्या बापाकडून त्याच्याकडे आलेला. आमच्यात असा हक्क म्हणजे पुढच्या पिढीची भाकरी. आपल्या पश्चात ती जागा बतूलकडे जावी, तिने ती कुणाला भाड्याने द्यावी आणि कुणापुढे हात पसरू नये, एवढीच अल्लालची इच्छा होती. हे चौकातल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या गळक्या नळालाही माहीत होतं.

त्याच जागेवर त्याच्यासमोर बसायचा बूश्ता. डोंगरातून हमाली करायला आलेला हा माणूस अल्लालने आपल्या ऐरणीशी बसवला, हातात हातोडी दिली, अर्धी जागा दिली. मोठा हंडा एकट्याचं काम नाही. एकाने फिरवायचा, दुसऱ्याने ठोकायचा, आणि दोघांची नजर एकमेकांच्या तोंडावर. दोघं इतकी वर्षं असे समोरासमोर बसले की लोक म्हणायचे, अल्लालने घास घेतला तर बूश्ता पाणी पितो.

मग अल्लाल चिडचिडा झाला. म्हणायला लागला की हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. चहावाल्याशी भांडला. एकदा माझ्या खुर्चीत बसून म्हणाला, "मआती, माझे कान साफ कर. उरलासुरला आवाजही गेला." मी साफ केले. वैद्याने तेल दिलं, ते घातलं. फरक पडला नाही. आम्ही सगळे त्याच्या कानांत डोकावत बसलो आणि डोळ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. खरं म्हणजे एकाचं गेलं होतं, पण ते पुढे कळलं.

अल्लाल मानी माणूस. "काय म्हणालास?" असं दर वाक्याला विचारणं त्याला मानवेना. म्हणून त्याने मान डोलवायला सुरुवात केली. मान डोलावणं कुठेही चालतं. कुणी तब्येत विचारली, मान डोलाव. कुणी मेल्याचं सांगितलं, मान डोलाव. सगळे हसले की तोही हसायचा, जरा उशिरा. पूर्वी चौकाला हसवणारा माणूस आता दुसऱ्यांच्या हसण्यामागून धावायचा, ते बघून मला वाईट वाटायचं.

त्याच वर्षी बूश्ता हजला गेला आणि दाढीमिशी वाढवून आला. दाढीचं ठीक होतं. मिशी बघून मी वस्तरा परजूनच बसलो होतो, पण तो खुर्चीत येईना. मी म्हटलं, "हाजी, दाढी वाढव आणि मिशी कातर असं धर्म सांगतो. तू नेमका उलटा कुठून शिकून आलास?" त्याने हसून नवसाचं कारण सांगितलं. हाजी माणसाच्या नवसाला कोण बोलणार? चौकाने पहिल्यांदाच एक मिशी खपवून घेतली, आणि तीही जाडजूड, ओठावर उतरलेली. कुणाशी बोलायचं झालं की तो ती बोटाने वर सारायचा.

परत आल्याची मेजवानी बूश्ताने आपल्या घरी दिली. मी नव्हतो. माझा हात दुसऱ्या मोहल्ल्यातल्या एका सुंतेत अडकला होता. चौकातले सगळे जुने तांबट होते, आणि त्यांचा मुखिया, ज्याला आम्ही अमीन म्हणतो, तो मक्कीही होता. अल्लालने दुसऱ्या दिवशी मला सगळं खुशीत सांगितलं. मटण छान होतं, सुके जर्दाळू घातलेलं. बूश्ताने त्याला आपल्या शेजारी, दिवा मागे असलेल्या मानाच्या गादीवर बसवलं. शेवटी हज कबूल व्हावा म्हणून सगळ्यांनी हात पसरून फातिहा म्हटला, त्यानेही म्हटला आणि हात तोंडावरून फिरवले. "कसा का असेना, मक्केहून आलेल्या माणसाच्या दुवेत मला वाटा मिळाला," तो म्हणाला.

त्यानंतर अल्लालला खेचराने पाडलं. आमच्या गल्ल्या अरुंद. मागून माल लादलेलं खेचर आलं की हाकणारा ओरडतो आणि लोक भिंतीला चिकटतात. बहिरा तांबट ती ओरड ऐकत नाही, पण समोरची माणसं बाजूला होताना बघतो आणि स्वतःही होतो. अल्लाल झाला नाही. खांदा सोलवटून घरी आला.

संध्याकाळी बतूल त्याची जखम पुसत होती. नीट दिसावं म्हणून तिने दिवा तोंडाजवळ धरला होता आणि तोंडाने एकीकडे कटकट चालू होती. अल्लाल प्रत्येक गोष्टीला बरोबर उत्तर देत होता. दिवा खाली ठेवून तिने विचारलं, सूप देऊ का, तर याने मान डोलावली. जेवून झालंय ना, विचारलं, तर परत मान डोलावली. बतूल पोरगी हुशार. तिने दिवा पुन्हा तोंडाजवळ आणला आणि म्हणाली, "बा, तुमचे कान नाही गेले. ते कधीच गेलेत. तुमचे डोळे गेलेत."

अल्लाल तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे लोक नीट बोलतात?"

"नीटच बोलतात, बा."

मोतीबिंदू पिकला होता. सरकारी दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. बरा होऊन तो थेट माझ्याकडे आला, काळा चष्मा घालून. खुर्चीत बसला. मी बोळे काढून तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आवाज काढू नकोस. नुसतं बोल." मी नुसत्या ओठांनी म्हटलं, म्हाताऱ्या, तुझं डोकं उन्हात ठेवलेल्या परातीसारखं दिसतंय. तो खदखदून हसला, आणि या वेळी अगदी वेळेवर हसला. मला रडू आलं. मी साबण कालवत पाठ फिरवली.

मग त्या खोडकराला कल्पना सुचली. नजर परतल्याचं कुणाला सांगायचं नाही. काळा चष्मा घालून इथेच माझ्या दाराशी बसायचं, आंधळ्या बहिऱ्यासारखं. दिवसभर चौक ऐकायचा आणि संध्याकाळी प्रत्येकाला त्याचं बोलणं परत करायचं. मलाही मजा वाटली. मी स्टूल बाहेर टाकलं. लोक जाता-येता त्याच्या खांद्यावर थोपटायचे आणि पुढे जायचे. तो मला हळूच सांगत होता, चहावाला बायकोला माहेरी पाठवणार आहे, कल्हईवाला जस्त मिसळून कल्हई करतोय. आम्ही दोघं पोरांसारखे हसत होतो.

तेवढ्यात बूश्ता आणि अमीन मक्की झाडाखाली येऊन उभे राहिले. बूश्ताने एका हाताने मिशी वर सारत, दुसरा आमच्याकडे करून काहीतरी विचारलं. अल्लाल म्हणाला, "हाजीचं नाही कळत. हातात आणि मिशीत सगळं अडकलंय. मक्कीचं सांगतो." आणि तो मक्कीच्या आवाजात, तसाच नाकातून, सांगायला लागला.

"मक्की म्हणतोय, घाई कशाला? अजून महिनाभर जाऊ दे." अल्लाल हसत होता. "म्हणतोय, दवाखान्यातून आलेल्या माणसाला उठवलं तर लोक तोंडात शेण घालतील." मग हसणं राहिलं, पण आवाज अजून मक्कीचाच होता. "म्हणतोय, जागा तुझीच आहे, ती कुठे पळून जाते? फातिहा झालाय. सगळ्यांसमोर विचारलं, त्याने मान डोलावली, हात पसरले." तिथे बूश्ता काहीतरी बोलला असावा, कारण अल्लाल थांबला. पुढचं तो स्वतःच्या आवाजात बोलला. "म्हणतोय, हो रे बाबा, त्याला ऐकू गेलं नव्हतं हे मला काय, सगळ्यांनाच दिसत होतं. पण आता ते उकरून काढू नकोस."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो केस माझ्या वस्तऱ्याला चुकवून वाढवलेला होता. ज्याच्या समोर बसून आयुष्य काढलं, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय हे बूश्ताला सगळ्यांत आधी कळलं होतं. त्याने दिवा पाठीशी घेतला, तोंड केसांत लपवलं आणि मग, जागा मला देतोस ना, असा सवाल टाकला. हज कबूल होण्याची दुवा समजून अल्लालने आपल्या मुलीची भाकरी त्याच्या ओंजळीत घातली.

अल्लालने चष्मा काढला आणि सरळ झाडाकडे चालत गेला. एकेका ऐरणीवरची हातोडी थांबत गेली. तो मक्कीसमोर उभा राहून म्हणाला, "मला ऐकू आलं." मक्कीचा चेहरा पडला, पण मुखियाला पडलेला चेहरा उचलायची सवय असते. त्याने समजावलं की फातिहा म्हणजे शब्द, आणि दिलेला शब्द परत घेण्याची आपल्यात रीत नाही. रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं होतं, यात खोट कुठली? मी मध्ये पडलो. म्हटलं, रिवाज उघड्या ओठांचा आहे, झाकलेल्या नाही. तर मला उत्तर मिळालं की न्हाव्याने तांबटांच्या बैठकीत बोलू नये.

मग अल्लाल एकेकाकडे गेला. ज्यांच्याबरोबर तो ठोकायला बसला, ज्यांच्या पोरींच्या लग्नाचे हंडे त्याने फुकट घडवले, ते सगळे त्या रात्री तिथे होते. कुणी म्हणालं, हाजीने आम्हाला आधीच सांगितलं होतं, वाटलं तुमचं आपसात ठरलंय. कुणी म्हणालं, हाजीच्या घरी, त्याचं अन्न खाऊन, त्याला खोटं कसं पाडायचं? कल्हईवाल्याने तर मान खाली घालून आपलं तोंडच दिसू दिलं नाही. सगळे मूग गिळून बसले. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे मी आयुष्यभर ऐकत आलो, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

परत येऊन अल्लाल माझ्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, "डोळा बनवलाच नसता तर बरं झालं असतं रे. मी अजून त्या दुवेत वाटा मिळाला म्हणून खूश असतो."

मी बतूलचं नाव काढलं. तिला सांगायला तर हवंच होतं. तो म्हणाला, तेच कसं करायचं ते कळत नाहीये. पुढे त्याने सांगितलं असावं, कारण बतूल एकदा चौकात आली, झाडाखाली बूश्तासमोर उभी राहिली, पडदा बाजूला सारला आणि ओठ स्पष्ट हलवत एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही मला खांद्यावर घेऊन फिरवलंय." बूश्ता हंडा फिरवत राहिला. ती निघून गेली आणि रात्रीही बटणं वळायला लागली, असं शेजारीण सांगत होती.

अल्लाल चौकात यायचा थांबला. पुष्कळ दिवसांनी एका गुरुवारी आला आणि रांगेत न थांबता खुर्चीत बसला. गालांवर खुंट वाढलेले, ओठावर पांढरी मिशी. मी साबण लावला. वस्तरा वरच्या ओठाशी नेला तर त्याने माझं मनगट धरलं.

"याला हात लावायचा नाही."

"अरे, तुझं बोलणं कुणाला कळणार मग?"

"तुला कळेल. तुला कान आहेत. बाकीच्यांशी मला बोलायचं नाही."

आयुष्यभर या माणसाचं तोंड मी उघडं ठेवलं होतं. पण मी गाल तेवढे केले आणि मिशी नुसती विंचरून दिली. रांगेतले तांबट ते बघत होते. एकानेही चहा मागितला नाही.

मिशी भरली, ओठ झाकला. आणि मग एके दिवशी बूश्ता आणि मक्की माझ्या दुकानात आले. अल्लाल तिथेच स्टुलावर बसला होता. बूश्ताकडे लग्नाचा मोठा हंडा आला होता, आणि त्याचा काठ एकट्याने वळवणं त्याच्या बापालाही जमणार नव्हतं. मिशी बोटाने वर सारून त्याने बरंच गोड लावलं. जुनी गोष्ट सोडून दे, म्हणाला, तुझा कोपरा तुझाच आहे, मरेपर्यंत बस, मजुरी देईन. मक्कीने री ओढली. दारात कल्हईवाला आणि दोनचार जण जमले होते. आमचा चौक समेटाला हपापलेला असतो. पाप केलेल्यांना तर फारच घाई असते.

अल्लालने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे, शेजाऱ्याला खुशाली विचारावी तशा चेहऱ्याने म्हणाला, "बूश्ता, त्या रात्री मला ऐकू येत नव्हतं हे तुला पक्कं माहीत होतं. तू माझ्या पोरीची जागा चोरलीस. खरं ना?"

मिशीखाली ओठ हललेले काय ते दिसले. शब्द एकट्या माझ्या कानांत पडले. बूश्ता क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. इतक्या लोकांसमोर, काय म्हणालास, असं विचारायचा त्याला धीर झाला नाही. अल्लालच्या चेहऱ्यावर राग नाही, हे बघून त्याने मान डोलावली. दोनदा डोलावली. मक्कीनेही डोलावली. दारातल्यांनीही डोलावली, कल्हईवाल्याने तर सगळ्यांत जोरात. आणि बूश्ता इतका खूश झाला की त्याने फातिहा म्हणायला हात पसरले.

अल्लालने पुढे होऊन त्याचे पसरलेले हात आपल्या हातांनी खाली केले. मग स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि बाहेर पडला.

मी खांद्यावरच्या कापडासकट त्याच्यामागे धावलो. गल्लीच्या वळणावर मी त्याला गाठलं, त्याच्या समोर उजेडात उभा राहिलो आणि म्हटलं की मी ऐकलंय, मी साक्ष देतो. बूश्ताने कबूल केलं, अमीनने कबूल केलं, सगळ्यांसमोर माना डोलावल्या. जागा परत घेऊ. बतूलची जागा आहे ती. चल आत्ताच्या आत्ता, काझीकडे जाऊ.

अल्लालने माझ्या तोंडावरचं शेवटचं अक्षर संपेपर्यंत वाचलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मआती," तो म्हणाला, "ऐकू न आलेल्या माणसाने डोलावलेली मान. तिला मी काय म्हणून मोजू?"